मामंजींचा हात आणि तीन विजा

लग्न होऊन मालवणात आले तेव्हा माझी पहिली अडचण झाली ती बोलण्याची. भाषेचा प्रश्न नव्हता. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, बोली एकच. पण सासऱ्यांशी सुनेनं थेट बोलायचं नाही, असा त्या घरचा शिरस्ता होता. आणि मी माहेरी तोंडाळ म्हणून नावाजलेली. आई निघताना म्हणाली होती, "तोंड जरा आवरून ऱ्हव गो." ते इतकं आवरावं लागेल, हे तिलाही ठाऊक नसावं.

घरात माणसं तीन. मामंजी, त्यांची थोरली विधवा बहीण म्हणजे माझी आतेसासू, आणि मी. नवरा मुंबईला गोदीत कामाला, तो मे महिन्यात आणि गणपतीला दिसायचा. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मामंजींना काही हवं असलं की ते आतेला सांगत, आते मला सांगे, मी आतेला उत्तर देई आणि ती ते मामंजींना पोचवी. आम्ही तिघंही एकाच पडवीत, हातभर अंतरावर बसलेलो असू. सकाळी आते मासळीची टोपली घेऊन बाजारात गेली की पंचाईत व्हायची. मग उपयोगी पडायची भिंत. मामंजी पडवीच्या भिंतीकडे तोंड करून विचारत, "गो भिंती, चाय झाली काय गो?" मी चुलीपाशी बसून त्याच भिंतीला सांगायची, "उकळी येता हा." आधी मला हसू यायचं, मग राग यायला लागला, आणि वर्षभरात सवय झाली.

मामंजी शिडं शिवायचे. आमच्या अंगणात माडांच्या सावलीत जाड कापडाचे पट्टे पसरलेले असत आणि त्यावर ते मांडी घालून बसत. उजव्या तळव्याला चामड्याची पट्टी बांधलेली, त्या पट्टीनं दाभण रेटायचं आणि मेणातून ओढलेला दोरा करकर आवाज करत पलीकडे काढायचा. तो आवाज मला अजून ऐकू येतो. देवबागेपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे होडीवाले त्यांच्याकडे येत. मामंजींच्या टाक्यातून वारा गळत नाही, असं म्हणत. मोजपट्टी मी त्यांच्या हातात कधी पाहिली नाही. सगळं माप वितीनं आणि हातानं. शिवून झालेलं शीड दोन माडांना बांधून ते त्याच्याकडे बराच वेळ बघत बसत. तेव्हा त्यांना कोणी हाक मारायची नाही, भिंतीनंसुद्धा नाही.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली असतील. एका सकाळी मामंजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पायात जोर आला तो महिन्या-दोन महिन्यांत. काठी घेऊन अंगणात फिरायला लागले. वाचाही शाबूत राहिली. पण उजवा पंजा मनगटापासून लुळा पडला तो पडलाच. बोटं मिटायची नाहीत. शिडाच्या कापडाची नवी घडी कोपऱ्यात तशीच पडून राहिली. मामंजी तिच्यापाशी बसत, डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटवत, आणि सोडली की ती पुन्हा उघडी पडत. मला ते बघवत नसे. मी मुद्दाम आत जाऊन भांडी आपटायची.

आतेनं हाय खाल्ली नाही. तिनं उपाय काढला तो तिच्या धंद्यातला. रापणीच्या जाळ्यात क्वचित एक गोल, मऊ, वागळीच्या जातीचा मासा यायचा. त्याला उघडा हात लावला की कोपरापर्यंत सणका जातो आणि हात बधिर होतो. म्हणून रापणवाले त्याला पायानंच बाजूला ढकलत. आतेनं तो जिवंत, पाण्यानं भरलेल्या मोठ्या टोपात घालून घरी आणला आणि भावाला म्हणाली, "घाल हात. ह्येका हात लावलो की मेलेलो उठता."

मामंजींनी पंजा पाण्यात सोडला. मासा हलला, आणि खरंच, मामंजींची दोन बोटं टुणकन आत वळली. आते ओरडली, मीही ओरडले. दुसऱ्यांदा हात लावला तेव्हा बोटं जेमतेम थरथरली. तिसऱ्यांदा काहीच नाही. मासा दमला होता. संध्याकाळपर्यंत तो मेला आणि आतेनं त्याला शिव्या देत माडाच्या मुळात पुरला.

पण दोन बोटं हलली होती. ती हलली नसती तर पुढचं काही झालंच नसतं.

गावात एक डॉक्टर होते, घाटावरचे, सायकलवरून फिरायचे. आतेनं त्यांना ही माशाची हकीकत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. पुढच्या मंगळवारी ते एक लाकडी पेटी घेऊन आले. पेटीच्या पोटात नालासारखं मोठं लोहचुंबक आणि तारांची रिळं, बाहेर एक फिरवायचा दांडा, आणि दोन लांब वायरी. एका वायरीच्या टोकाला पट्टी, दुसरीच्या टोकाला पितळी दांडी. पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून कोपराखाली बांधायची, पंजाही मिठाच्या पाण्यानं ओला करायचा आणि पितळी दांडी उताण्या तळव्यावर नुसती ठेवायची.

"कोरड्या कातडीतून वीज आत जायला तयार नसते. ओल्या, खारट कातडीतून सहज जाते," डॉक्टर म्हणाले.

"दर्याचा पाणी चलात?" आतेनं विचारलं.

"उत्तम चालेल."

तेव्हापासून समुद्राच्या पाण्यानं भरलेली एक करवंटी आमच्या पडवीत कायमची आली.

डॉक्टरांचे दोन्ही हात मामंजींच्या हाताशी गुंतलेले, आतेचा खांदा दुखरा. दांडा फिरवायला उरले मी. मी फिरवला, पेटी घरघरली, आणि मामंजींची पाचही बोटं हळूहळू वळून त्या पितळी दांडीभोवती मिटली. मी थांबले, तशी ती उघडली. पुन्हा फिरवला, पुन्हा मिटली. मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून की कशानं, ते विचारायची सोय नव्हती.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "ही पेटी स्नायूंना जागं ठेवते. मेंदूकडून येणारा रस्ता ती दुरुस्त करत नाही. त्याची वाट बघायची." हे आम्ही तिघांनीही ऐकलं. ध्यानात कोणीच ठेवलं नाही.

काही दिवसांनी त्यांनी पेटी आमच्याकडेच ठेवली. रोज दुपारी आते बाजारातून येऊन लवंडली की मी पेटी काढायची. दांडा जोरात फिरवला तर झटका वाढायचा, हळू फिरवला तर नुसती चुणचुण. किती फिरवायचा हे मामंजी तोंडानं सांगणार कसे? त्यांनी डाव्या हाताची तर्जनी वर केली की मी हळू करायची. तर्जनी खाली गेली की पुन्हा नेटानं. भिंतीचीही गरज लागत नसे. खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासाची मी सकाळपासून वाट बघायची. नवरा मुंबईला, पोर झालेलं नाही. त्या घरात माझ्या हाताला उत्तर देणारं तेवढंच एक होतं.

एकदा पेटी चालू असताना आते झोपेतून उठून आली आणि मामंजींच्या खांद्यावर हात ठेवून वाकली. हात तिनं नुकतेच धुतलेले, ओलेच होते. ती जी उडाली ती थेट करवंटीवर. "मेल्या, चावतंस मरे तू!" ती भावालाच ओरडली. आम्ही किती हसलो! मामंजींना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली: वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर ती आपल्यालाही धरते.

अशी सात-आठ वर्षं गेली. मामंजींचा हात पेटीवाचून एकदाही मिटला नाही. पण रोज दुपारी मिटायचा, आणि रोज मिटणारा हात एक दिवस आपण होऊन मिटेल असं आम्हाला वाटायचं. कोपऱ्यातली शिडाच्या कापडाची घडी आते दर उन्हाळ्यात अंगणात घालून खडखडीत वाळवायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. ती विकायचं नाव मामंजी काढू देत नसत.

शेवटी खाऱ्या हवेनं पेटी खाल्ली. आतल्या चाकाचे दाते झिजले आणि एका दुपारी दांडा नुसताच गरगर फिरला. मामंजींचा पंजा उताणाच राहिला. पेटी मुंबईला पाठवली ती "दुरुस्त होत नाही" असा शेरा घेऊन परत आली. त्या पावसाळ्यात मामंजी एकदम म्हातारे दिसायला लागले. बंदरात काही होड्यांना इंजिनं बसली होती. ते ऐकून ते जेवणावरून उठले.

आणि त्याच सुमारास आमच्या वाडीत वीज आली. साठ साल उलटून गेलं होतं. खांब आले, तारा आल्या, आमच्या पडवीत एक दिवा लागला. माझ्या नवऱ्याला मे महिन्यात रेडिओ आणायचा होता, म्हणून त्यानं भिंतीवर कंबरेच्या उंचीला रेडिओसाठी भोकांची चकतीही बसवून घेतली. बटण नंतर बसवू म्हणून तारकाम करणारा माणूस गेला तो उगवलाच नाही. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा आतेनं त्याला हात जोडले. मामंजी मात्र दिव्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्या चकतीवर होती.

दोन दिवसांनी आते बाजारात गेली असताना त्यांनी विचारलं, "गो भिंती, त्या पेटयेतली वीज आणि ही वीज एकच मां?"

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता मी भिंतीला म्हटलं, "एकच आसतली. वीज ती वीज."

मला काय ठाऊक होतं? काही ठाऊक नव्हतं. पण "माका ठावक नाय" हे तीन शब्द माझ्या तोंडून आयुष्यात सहज निघालेले नाहीत. तोंडाळ माणसाला प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवरून आले. आते मागल्या दारी मासे साफ करत होती. पडवीत पाऊल टाकलं आणि बघते तर मामंजी त्या चकतीसमोर तिवईपाशी उभे. मोडक्या पेटीच्या वायरी त्यांनी सोडवून घेतल्या होत्या आणि त्यांची उघडी टोकं काड्यापेटीच्या काड्यांनी भोकांत ठोकून बसवली होती. कोपराखाली पट्टी बांधलेली. सगळं आठ वर्षांच्या शिस्तीनं केलेलं. करवंटीतलं समुद्राचं पाणीसुद्धा विसरले नव्हते. पंजा निथळत होता, पायाखालची जमीन भिजलेली होती. आणि त्यांचा उजवा हात त्या पितळी दांडीभोवती गच्च मिटला होता. पांढरा पडेपर्यंत मिटला होता.

मला आनंद झाला. हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय. माझा सासरा माझ्यासमोर मरत होता आणि मी कळशी कंबरेवर घेऊन आनंदानं ओरडले, "आते, हात इलो! मामंजींचो हात इलो!"

मग त्यांची डावी तर्जनी दिसली. सगळं अंग लाकडासारखं ताठ, जबडा आवळलेला, आणि तेवढी एक तर्जनी कशीबशी वर उचललेली. हळू कर. ते मला सांगत होते, हळू कर.

माझ्या हातात दांडा नव्हता.

"मामंजी, सोडा!" मी किंचाळले. मी त्यांच्याशी थेट बोललेला तो पहिला शब्द. ते सोडणार कसे? आते मागून धावत आली ती खवल्यांनी माखलेले ओले हात पुढे करून. मी कळशी टाकली आणि तिला दोन्ही हातांनी असं ढकललं की ती उंबऱ्यावर आदळली. "हात लावू नको!" पुढे ती जन्मभर ते कंबरेचं दुखणं मला ऐकवत राहिली. माझी नजर कोपऱ्यात गेली. शिडाच्या कापडाची ती खडखडीत वाळलेली घडी. ती मी उचलली, दोन्ही हातांभोवती जाड गुंडाळली, त्या वायरी कापडात धरल्या आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढल्या. काड्या निघाल्या, वायरी निघाल्या, आणि मामंजी माझ्या अंगावर कोसळले. त्यांची मूठ उघडली आणि पितळी दांडी घरंगळत अंगणापर्यंत गेली.

ते शुद्धीत होते. तळवा आणि कोपराखालची जागा भाजली होती. डॉक्टर आले, छाती तपासली, पट्ट्या बांधल्या. आता तेही थकले होते, सायकल हातात धरून चालत येत. बाहेर पडवीत त्यांनी मला खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. माशाची वीज एकाच दिशेनं जाते, ओहोटीच्या पाण्यासारखी. स्नायूला एक हिसका देते आणि संपते. पेटीची वीज दांडा फिरेल तेवढी आणि तेवढीच. तारेतली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. पन्नास भरत्या, पन्नास ओहोट्या. स्नायूला सैल पडायला ती फुरसतच देत नाही. आणि मूठ मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा जोरकस, त्यामुळे हात तार सोडत नाही, उलट आवळत जातो.

"मासा दमतो, पेटी फिरवणारा दमतो. ही दमत नाही," ते म्हणाले. "त्यात मिठाचं पाणी. सवय मीच लावली ना. पट्टी त्याच हाताला होती म्हणून बरीचशी वीज हातातल्या हातात फिरली. छातीतून गेली असती तर मी आज पट्ट्या बांधायला आलो नसतो."

मग म्हणाले, "पण त्यांना हे सांगितलं कोणी, की ही वीजही तीच म्हणून?"

माझं तोंड आवरलेलं आईनं तेव्हा बघायला हवं होतं.

चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. आतेला वाटलं मी भ्यायले. मी मामंजींना पेज द्यायची ती भिंतीकडे न बघता, काही न बोलता. पाचव्या दिवशी आते बाजारात गेली. मामंजी शिडाच्या कापडावर बसले होते, उजवा हात पट्ट्यांत, मांडीवर. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावर नीट होता, पण तोंड त्यांच्याकडे होतं. आता भिंतीला सांगून भागणार नव्हतं.

"मामंजी," मी म्हटलं, "चूक माझी. तुमी इचारलात, आणि मी सांगलंय एकच आसतली म्हणान. माका ठावक नव्हता."

आणि मी रडायला लागले. मला वाटलं ते उठून जातील. मी थेट बोलले म्हणून तरी, किंवा जे केलं त्यासाठी तरी.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, त्या दोन माडांना बांधलेल्या शिडाकडे बघायचे तसे. मग म्हणाले, "तू माका आजपावेतो काय सांगलंस गो? सांगल्यान ता भिंतीन."

मी डोळे पुसत वर पाहिलं. ते हसत नव्हते.

"ह्यो हात गेलो," ते पट्ट्यांकडे बघून म्हणाले. "त्या दिवशी मूठ मिटली तेव्हाच माका कळला. ती माझी मूठ न्हय, त्या विजेची." मग त्यांनी डाव्या हातानं घडीचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. "तुझे दोनव हात धड आसत. कोनाड्यातला दाभण घेवन ये. भिंतीक काय ता धरूक येवचा नाय."